एएमवर लिनियर लावताना कॅरिअर किती ठेवायचा?

भिलाईच्या बोरसीहून बोलतोय. आजचा प्रश्न हॅम रेडिओवर नव्याने एएम करणाऱ्यांचा: लिनियर ४०० वॅटचा आहे, मग मीटर १०० वरच का ठेवायचं?

आधी कॅरिअर म्हणजे काय ते पाहू. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लावलं, की निवेदक गप्प असतानाही स्टेशन लागलंय हे कळतं. तो कॅरिअर. एसएसबीत गप्प बसलं की पॉवर शून्य. एएममध्ये कॅरिअर चालूच राहतो आणि आपला आवाज त्याला वरखाली करतो. शंभर टक्के मॉड्युलेशनला शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे ती चौपट होते.

म्हणून शिखराला ४०० वॅट देणाऱ्या लिनियरचा कॅरिअर १०० वॅट. तुम्ही २०० ठेवलात तर शिखराला ८०० लागतील. ते येणार कुठून? माथे सपाट होतात, आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या लोकांना त्रास होतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. नुसत्या कॅरिअरवर लिनियरची कार्यक्षमता साधारण ३३ टक्के धरा. १०० वॅट अँटेनाला गेले, तर २०० वॅटची उष्णता आतच राहते, तीही अखंड. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. पंखा पुरत नसेल तर कॅरिअर आणखी कमी करा.

आता कृती.

१. डमी लोड लावा. काही सेकंदच पूर्ण ४०० वॅट देऊन ट्यूनिंग आणि लोडिंग करा. नंतर ते नॉब हलवू नका. १०० वॅटवर लोडिंग केलं तर शिखराला जागाच उरत नाही.

२. आता फक्त ड्राइव्ह कमी करा. ४०० साठी ४० वॅट लागत असतील, तर एएमला ट्रान्सीव्हरचा कॅरिअर १० वॅट.

३. ऑसिलोस्कोपवर पाहा. ५० ओहमवर कॅरिअरचं शिखर १०० व्होल्ट दिसेल, बोलताना ते २०० पर्यंत जावं. माथा सपाट दिसला तर कॅरिअर जास्त आहे. खालची टोकं शून्यावर रेंगाळली तर माइक गेन जास्त आहे.

४. स्कोप नसेल तर साधं मीटर बघा. बोलताना काटा खाली येत असेल, तर कॅरिअर कमी करा.

परवान्यातली पॉवरमर्यादा पाळताना हिशोब शिखराचा धरा, म्हणजे चूक होणार नाही.

पुढच्या भागात डमी लोड घरी कसा बनवायचा ते पाहू. ७३!