देशबंधू : कलकत्त्याचे पहिले महापौर

ऐन भरातली वकिली सोडून नगरकारभारात उतरलेले बॅरिस्टर विरळाच. चित्तरंजन दास हे त्यांपैकी एक. ५ नोव्हेंबर १८७० रोजी जन्मलेले दास इंग्लंडहून परतून कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागले. कर्जापायी पितापुत्रांवर दिवाळखोरीची नामुष्की ओढवली होती. पुढे पैसा हाती येताच, कायद्याचे बंधन नसतानाही त्यांनी ते कर्ज फेडले. नाव मात्र झाले ते अलीपूर बॉम्ब खटल्यात. त्यांनी बचाव केलेले अरविंद घोष मे १९०९ मध्ये निर्दोष सुटले.

१९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीत त्यांनी वकिलीवर पाणी सोडले. कारावास भोगून आल्यावर मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष काढला. कलकत्ता महापालिकेला निर्वाचित महापौर देणारा १९२३ चा कायदा सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी मंत्री या नात्याने करून घेतला; त्याचे फळ पडले ते त्यांच्या विरोधकांच्या, स्वराज्य पक्षाच्या पदरात! १९२४ मध्ये दास पहिले महापौर झाले. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, स्वस्त व शुद्ध दूध हा त्यांचा कार्यक्रम. उपमहापौरपद शहीद सुऱ्हावर्दींकडे आणि मुख्य कार्यकारी अधिकारीपद सत्तावीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांच्याकडे गेले. तीन हजारांच्या वेतनातले निम्मेच सुभाषबाबू घेत. सरकारला ही जोडी मानवली नाही. ऑक्टोबरमध्ये सुभाषबाबूंना अटक झाली.

१६ जून १९२५ रोजी दार्जिलिंगला दासांचे निधन झाले. तत्पूर्वीच त्यांनी राष्ट्रार्पण केलेल्या राहत्या घरात स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवा सदन हे रुग्णालय उभे राहिले.