तापाचे निदान आणि मांजरसुंब्याचा चौरस्ता

बीड शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, बालाघाटच्या डोंगरकुशीत कपिलधार हे तीर्थक्षेत्र आहे. पावसाळ्यात येथील धबधबा पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते. संत मन्मथ स्वामी यांची समाधी येथे असल्याने कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व तेलंगणातूनही दिंड्या पायी येतात. यात्रा म्हटली की व्यापार आला. आसपासच्या पेठांतील दुकानदार, त्यांचे नोकर आणि मालाची ने-आण करणारे चालक या दिवसांत रात्रंदिवस उभे असतात. मिळेल तेथे जेवतात, मिळेल ते पाणी पितात.

यात्रा उलगते, हिशेब पूर्ण होतात आणि काही दिवसांनी घरात कोणाला तरी ताप येतो. विषमज्वराचा जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या काविळीला दोन ते सात आठवडेही लागू शकतात. त्यामुळे यात्रेतील पाणी आणि घरातील ताप यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिले दोन दिवस घरगुती काढा, पुढचे दोन दिवस औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या, त्यानंतर ओळखीच्या डॉक्टरांचे इंजेक्शन, असा आठवडा निघून जातो. मग प्रश्न उभा राहतो : संसर्गजन्य रोगांचा जाणकार डॉक्टर आपल्या भागात शोधावा कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी असा तज्ज्ञ म्हणजे कोण, हे समजून घेणे इष्ट ठरेल. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार यांप्रमाणेच संसर्गजन्य रोग ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र उपशाखा आहे. एम.डी. झाल्यानंतर आणखी तीन वर्षांचे प्रशिक्षण घेऊन ‘डी.एम. इन्फेक्शियस डिसीजेस’ ही पदवी मिळते. आपल्या देशात ही शाखा तुलनेने नवी आहे, असे तज्ज्ञ संख्येने अल्प आहेत आणि ते बहुतांशी महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत आढळतात. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी केवळ ही पाटी शोधत फिरण्यात वेळ दवडू नये. तापाच्या बहुसंख्य रुग्णांना या तज्ज्ञाची गरजही पडत नाही. डेंग्यू, हिवताप, विषमज्वर, चिकुनगुनिया, लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफस या आजारांचे निदान व उपचार एम.डी. मेडिसिन झालेला अनुभवी फिजिशियन करू शकतो. लहान मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ हेच पहिले द्वार होय.

डॉक्टरांची पात्रता पडताळून पाहणे हा अविश्वास नव्हे. उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी समोरच्याची पत पाहतोच. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी ठेवावा आणि चिठ्ठीवर लिहावा, असा नियम २००२ पासून लागू आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत हा क्रमांक तपासता येतो. नावापुढील अक्षरांपैकी पदवी कोणती आणि अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र कोणते, हेही विचारण्यास संकोच नसावा.

डॉक्टर गाठल्यावर त्यांच्या हाती काय द्यायचे, यावर निम्मे काम अवलंबून असते. आपल्या घरांत रोजमेळ लिहिण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तीच तापाला लावावी. ताप कोणत्या तारखेस आला, दिवसातून किती वेळा व किती अंशांपर्यंत चढला, कोणती गोळी कधी घेतली, मागील महिनाभरात कोठे प्रवास झाला, कोणते पाणी प्यायले, शेतात किंवा गवतात वावर झाला काय, जनावरांशी संपर्क आला काय, घरात आणखी कोणी आजारी आहे काय, हे सर्व एका कागदावर तारीखवार लिहावे. स्क्रब टायफस गवता-झुडपांतील बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि काखेत वा कंबरेपाशी काळी खपली दिसल्यास त्याचे निदान लवकर होते. पण शेतात गेल्याचे कोणी सांगितलेच नाही, तर डॉक्टर ती खपली शोधणार तरी कशी?

डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. निदान निश्चित झाले आहे की संभाव्य आहे? प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यावे काय? किती दिवसांत उतार न पडल्यास रुग्णास पुढे पाठवाल आणि कोठे? यांतील दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या की रक्तात जंतू सापडण्याची शक्यता घटते आणि निदान अंधारात राहते. विषमज्वरासाठी सर्रास केली जाणारी विडाल चाचणी एकटीच्या भरवशावर घ्यावी अशी नाही. डेंग्यूमध्ये पहिल्या पाच दिवसांत एन.एस.-१ आणि त्यानंतर आय.जी.एम. चाचणी उपयुक्त ठरते. म्हणजे तापाचा दिवस कितवा, यावर चाचणीची निवड ठरते.

येथे औषधविक्रीच्या व्यवसायात असलेल्या आपल्या समाजबांधवांचे उत्तरदायित्व येते. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रभावी प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद ठेवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे व्यवसायात जड जाते, हे खरे. तथापि आज भिडेखातर दिलेली गोळी उद्या त्याच घरातील रुग्णाचे निदान लांबवू शकते, आणि पुढे तीच औषधे जंतूंवर निष्प्रभ होऊ लागतात.

आता मार्गांचा विचार करू. कपिलधारजवळचे मांजरसुंबा हे चौरस्त्याचे गाव आहे. येथे धुळे–सोलापूर महामार्ग आणि अहिल्यानगर–अंबाजोगाई मार्ग एकमेकांस छेदतात. रुग्णाच्या दृष्टीने या चौरस्त्याच्या चारही दिशांना आधार आहे. उत्तरेस बीडचे जिल्हा रुग्णालय आणि पुढे छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पूर्वेस केजमार्गे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यापुढे लातूर. दक्षिणेस चौसाळ्यावरून सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पश्चिमेस पाटोदा, जामखेडमार्गे अहिल्यानगर, जेथे जैन सोशल फेडरेशनचे आनंदऋषीजी हॉस्पिटल आहे, आणि त्यापुढे पुणे. वैद्यकीय महाविद्यालयाचा लाभ असा की तेथे मेडिसिन विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा एकाच आवारात असतात. डी.एम. तज्ज्ञ नसला, तरी निदानाचे पुष्कळसे कार्य तेथे होऊ शकते.

स्वतंत्र तज्ज्ञाकडे जाण्याचे प्रसंग मोजके, पण निर्णायक असतात. दहा-पंधरा दिवसांनंतरही कारण न सापडलेला ताप, औषधांना दाद न देणारा क्षय, बसविलेल्या कृत्रिम सांध्यातील संसर्ग, कर्करोगाच्या उपचारांत किंवा अवयवरोपणानंतर आलेला ताप, मधुमेही रुग्णातील बुरशीचा संसर्ग, हे ते प्रसंग. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने अनेक मधुमेही रुग्णांना गाठले, तेव्हा योग्य तज्ज्ञ वेळेत मिळण्याचे मोल सर्वांनी अनुभवले. सार्वजनिक व्यवस्थेत मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय आणि पुण्याचे डॉ. नायडू रुग्णालय ही केवळ सांसर्गिक रोगांसाठी नावाजलेली ठिकाणे होत. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले, ते नायडू रुग्णालयातच दाखल झाले होते.

काही आजारांसाठी शासनाची स्वतंत्र वाट आहे आणि ती धरण्यात कमीपणा मानू नये. क्षयरोगाचे निदान व औषधे विनामूल्य आहेत. त्यासाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे. एच.आय.व्ही.विषयी १०९७ वर गोपनीय माहिती मिळते. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी ‘ई-संजीवनी’ ही सेवा आहे. कुत्रा चावल्यास तज्ज्ञाचा शोध नंतर. प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे.

धाप लागणे, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना व सतत उलट्या, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मात्र चौकशीत वेळ न घालवता नजीकचे मोठे रुग्णालय गाठावे. डेंग्यूमध्ये ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच अधिक धोक्याचे असतात, हे विसरू नये.

विमा असल्यास पहिल्या चिठ्ठीपासून प्रत्येक अहवाल तारखेनुसार जपून ठेवावा. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस आजारपणाचा दावा सामान्यतः मान्य होत नाही. रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे की नाही, हेही घरात सर्व धडधाकट असतानाच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

धर्माचरण आणि उपचार यांत विरोध नाही. पाणी गाळण्याची आपली परंपरा आरोग्यासही उपकारक आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या कापडाच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तरीही कापडातून सूक्ष्म जंतू निसटतात. उकळलेल्या पाण्याने ती उणीव भरून निघते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णास डेंग्यूसारख्या आजारात रात्रीही द्रवपदार्थ घ्यावे लागू शकतात. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात. अशा वेळी गुरुमहाराजांना विचारून निर्णय घ्यावा, परस्पर हट्ट धरू नये.

सर्वांत मोठे उत्तरदायित्व आहे ते विहार करणाऱ्या साधु-साध्वीजींचे. ते वाहनात बसत नाहीत. महामार्गाच्या कडेला मुक्कामी ताप भरला, तर तज्ज्ञ जवळ आणावा लागतो, रक्ताचा नमुना तेथेच घ्यावा लागतो. वैयावच्चाची ही तयारी ऐन वेळी होत नसते. प्रत्येक गावच्या श्रीसंघाने चातुर्मासापूर्वी एक पान तयार करावे. त्यावर नजीकचा फिजिशियन व बालरोगतज्ज्ञ, मुक्कामी येऊन नमुना नेणारी प्रयोगशाळा, चौरस्त्याच्या चारही दिशांची रुग्णालये आणि वरील क्रमांक असावेत. फोन करून दरवर्षी त्याची खातरजमा करावी, आणि ते पान स्थानकात व प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याजवळ लावावे. खर्च एका कागदाचा आहे, आणि त्याने वाचणारा आठवडा एखाद्या रुग्णाच्या प्राणाइतका मोलाचा ठरू शकतो.