जुनं ते चालू – लेखांक ७ : याचं तोंड, त्याचा कान

गेल्या आठवड्यात आपण माळ्यावरचा ४८६ संगणक खाली उतरवला, धूळ झटकली आणि तो सुरू होतो याची खात्री करून घेतली. आता खरा प्रश्न. त्याच्या ८० एमबीच्या हार्ड डिस्कमधल्या फायली बाहेर कशा काढायच्या? फ्लॉपी ड्राइव्ह कुरकुरतोय, सीडी रायटर नाही, यूएसबी त्याच्या जन्मानंतरची. मागच्या बाजूला मात्र दोन-तीन पोर्ट आहेत, आणि तेवढे पुरतात.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. दोन्हीकडे बसेल अशी केबल आणतात, दोन संगणकांना जोडतात आणि वाट बघत बसतात. काहीच होत नाही. केबल धड असते, पोर्टही धड असतात. घोळ असतो तो तार सरळ असण्यात.

नऊ पिनांचा सीरियल पोर्ट घ्या. त्यात तीन नंबरची पिन बोलते, दोन नंबरची ऐकते आणि पाच नंबरची ग्राउंड. सरळ केबलने तीनला तीन आणि दोनला दोन जोडली की याचं तोंड त्याच्या तोंडाला आणि याचा कान त्याच्या कानाला. मांडवात दोन्हीकडचे व्याही एकाच वेळी बोलायला लागले की जे होतं, तेच.

मग मुळात रचना अशी का? हा पोर्ट ज्या आरएस-२३२ मानकावर चालतो, ते १९६० साली अमेरिकेत ठरलं, तेव्हा टेबलावरचा संगणक कुणाच्या मनातही नव्हता. एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम, एवढीच जोडी डोळ्यांसमोर होती. टर्मिनल ज्या तारेवर बोलणार त्याच तारेवर मोडेम ऐकणार, म्हणून सरळ केबल पुरे. दोन संगणक समोरासमोर आले की दोघेही स्वतःला टर्मिनल समजतात. बरोबरीच्या दोघांची गाठ पडेल, असं या पोर्टला कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून केबलमध्येच दोन आणि तीनची अदलाबदल करायची. ‘मी तयार आहे’, ‘आता पाठव’ असे इशारे देणाऱ्या तारांचीही तशीच फुली मारायची. हीच नल मोडेम केबल. मधे मोडेम नसतो, पण दोन्हीकडे तो असल्याचा भास होतो.

वेग किती? पीसीच्या सीरियल पोर्टची नेहमीची कमाल सेकंदाला १,१५,२०० बिट. एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. १.४४ एमबीची भरलेली फ्लॉपी दोन मिनिटांत, आपली ८० एमबीची डिस्क दोन तासांत. चहा करा, जेवून घ्या.

घाई असेल तर प्रिंटरचा पोर्ट. इथली युक्ती मला फार आवडते. प्रिंटरकडे माहिती न्यायला आठ तारा आहेत, पण प्रिंटरकडून संगणकाकडे येणाऱ्या फक्त पाच. प्रिंटर बोलणार काय? ‘कागद संपला’, ‘थांब, कामात आहे’, ‘चूक झाली’. या तक्रारींच्या तारांवरूनच माहिती आत घ्यायची, असं ठरलं. एकाच्या पाच डेटा तारा दुसऱ्याच्या या पाच तारांना जोडल्या. चार तारांवर अर्धा बाइट, पाचवीवर ‘मिळालं, पुढचं दे’. ‘कागद संपला’ सांगणाऱ्या तारेवरून कुणाचा हिशोब, कुणाची पत्रं पलीकडे गेली. अर्धा-अर्धा बाइट जाऊनही हा मार्ग सीरियलपेक्षा बराच वेगवान. केबल लावताना आणि काढताना मात्र दोन्ही संगणक बंद ठेवा. हे पोर्ट चालू विजेत छेडण्यासाठी केलेले नाहीत.

केबल झाली, आता प्रोग्रॅम. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर ही जोडी आली. इंटरसर्व्हर चालवलेला संगणक आपली डिस्क देऊन गप्प बसतो, दुसऱ्या काही कामाचा राहत नाही. इंटरलिंकवाल्याला ती डिस्क आपलीच एखादी ई किंवा एफ ड्राइव्ह असल्यासारखी दिसते. पण दुसऱ्या संगणकावर हे प्रोग्रॅम नसतील तर? ते न्यायला केबल हवी आणि केबल चालवायला ते हवेत. त्यावर डॉसने काढलेला तोडगा असा : दुसऱ्या संगणकावर दोन ओळी टाइप करायच्या. पहिलीने पोर्टचा वेग ठरतो, दुसरी सांगते, ‘आता हुकूम कीबोर्डवरून नको, या पोर्टवरून घे.’ मग पहिला संगणक तारेतून त्याच्यावर टाइप करतो आणि या प्रोग्रॅमची प्रत तिकडे उतरवतो. हे फक्त सीरियल केबलवरच जमतं.

विंडोज ९५ मध्ये हेच काम ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ नावाने आलं. जोडताना ते विचारतं, तुम्ही होस्ट की गेस्ट? बरोबरीचे दोघे असले तरी एकाला यजमान व्हावंच लागतं.

आजच्या लॅपटॉपवर इंटरलिंक चालत नाही. तिथे यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावा आणि दोन्हीकडे कर्मिट वापरा. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जन्मलेल्या या प्रोग्रॅमला मपेट्समधल्या बेडकाचं नाव आहे. तो फाइलचे तुकडे करून पाठवतो, प्रत्येक तुकडा तपासतो आणि बिघडलेला पुन्हा मागवतो. जुन्या, खरखरत्या पोर्टांना असाच चिकट गडी लागतो.

जुन्या संगणकात नेटवर्क कार्ड असेल तर काम आणखी सोपं, पण गोष्ट तीच. एक आणि दोन नंबरच्या तारा बोलतात, तीन आणि सहा ऐकतात. म्हणून केबलच्या एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची. तिला क्रॉसओव्हर केबल म्हणतात. दोन्हीकडे हाताने पत्ते द्या, १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.०.२. अलीकडची कार्डं समोर कोण आहे ते ओळखून तोंड आणि कान आतल्या आत बदलतात, त्यामुळे दोहोंपैकी एक संगणक नवा असला तर बहुधा सरळ केबलही चालून जाते.

एकच ताकीद. दोन्ही टोकांना चपटा यूएसबी प्लग असलेली साधी केबल दोन संगणकांत घालू नका. यूएसबीत यजमान आणि पाहुणा आधीच ठरलेले असतात आणि यजमान पाच व्होल्ट वीजही पुरवतो. दोन यजमान एकमेकांत वीज ढकलू लागले तर पोर्ट जळू शकतो. त्यासाठी मधे चिप असलेली वेगळी केबल मिळते.

फायली आल्या, मोजून घेतल्या, एकही बाइट कमी नाही. आनंदाने त्यातलं मराठी पत्र उघडावं, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. केबलवर रागावू नका, तिने आपलं काम चोख केलंय. कुठल्या आकड्याला ‘क’ म्हणायचं हे त्या जुन्या संगणकाने वेगळं ठरवलं होतं. ते कोडं पुढच्या आठवड्यात.