बदलली म्हणजे बुडाली? रोल-प्लेइंग गेमच्या मालिकांविषयीचे गैरसमज

दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची गंगाआरती पाहताना बहुतेकांची समजूत असते, की हा सोहळा शतकानुशतकं असाच चालत आला आहे. जागा पुरातन आहेच. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध यज्ञ केले, या कथेवरून तिला नाव पडलं. पण आजचा घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८च्या सुमारास बांधला, अहिल्याबाई होळकरांनी १७७४मध्ये तो पुन्हा बांधून काढला, आणि अनेक पुजारी एका लयीत मोठाले दीप ओवाळतात ती आरती या स्वरूपात १९९०च्या दशकात सुरू झाली. म्हणजे १९८६मध्ये जपानात आलेली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही व्हिडिओ गेमची मालिका आरतीच्या आजच्या रूपाहून जुनी आहे. आपण ज्याला मूळ रूप म्हणतो, ते पुष्कळदा आपण पहिल्यांदा पाहिलेलं रूप असतं. रोल-प्लेइंग गेमच्या मालिकांच्या भवितव्यावर चाहते हिरिरीने भांडतात, तेव्हाही नेमकं हेच घडतं. खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन पन्नास-साठ तास किंवा त्याहूनही जास्त वेळ त्या जगात घालवतो, त्यामुळे जिव्हाळा खरा असतो आणि दुखावणंही खरं असतं. म्हणूनच या वादातले गैरसमज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : मालिकेचं एक ठरलेलं मूळ रूप होतं, नव्या भागाने ते मोडलं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ‘फायनल फँटसी’. २०२३मध्ये आलेल्या सोळाव्या भागात खेळाडू एकाच नायकाची भूमिका घेऊन थेट तलवारबाजी करतो. त्यावर ‘ही फायनल फँटसीच नव्हे’ असा सूर उमटला. इतिहास मात्र वेगळं सांगतो. पहिला भाग १९८७चा. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाने अनुभवाचे गुण साठवून लेव्हल वाढवण्याची पद्धतच काढून टाकली; जे शस्त्र वापराल त्यातलं कौशल्य वाढेल, असा नवा नियम आणला. १९९१च्या चौथ्या भागाने लढाईत घड्याळ आणलं, खेळाडू विचार करत बसला तरी शत्रू थांबेना. २००२चा अकरावा भाग हजारो लोकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन खेळ होता, तर २००६च्या बाराव्या भागात लढाई वेगळ्या पडद्यावर न जाता चालत्या मैदानातच होऊ लागली. शिवाय क्रमांक वाढला म्हणून कथा पुढे सरकते असंही नाही. मुख्य मालिकेतल्या जवळपास प्रत्येक क्रमांकाला नवं जग आणि नवी पात्रं मिळतात. या मालिकेत बदल हीच परंपरा आहे. ज्यांना २००१चा दहावा भाग ‘खरा’ वाटतो, त्यांच्या प्रेमात खोट नाही, पण तो भागही आधीच्या अनेक बदलांच्या खांद्यावर उभा आहे.

गैरसमज : टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने होणाऱ्या लढाईचा जमाना संपला.

पहिल्या गैरसमजाची ही दुसरी बाजू. मालिका टिकवायची तर जुनं सोडून अ‍ॅक्शनकडेच जायला हवं, असं निर्मात्यांच्या वर्तुळातही बोललं गेलं. सोळाव्या ‘फायनल फँटसी’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी तरुण खेळाडूंना आज्ञा निवडून लढण्याची पद्धत आपलीशी वाटत नाही, अशा आशयाची मांडणी केली होती. त्यामागे विचार होता, पण तो भाग आला त्याच वर्षाने उलट पुरावा समोर ठेवला. ऑगस्ट २०२३मध्ये लारियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला. या मालिकेचे १९९८ आणि २००० सालचे भाग चालत्या वेळेत खेळायचे आणि हवं तेव्हा थांबवायचे होते. तिसऱ्या भागाने मुद्दाम पाळीपाळीने लढण्याची रीत घेतली आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ हा मान मिळवला. ‘याकुझा’ मालिका हाणामारीची होती, ती २०२०मध्ये उलट टर्न-बेस्ड झाली आणि मुख्य भागांत तशीच पुढे चालली. २०२५मध्ये फ्रान्समधल्या सँडफॉल या नव्या स्टुडिओच्या ‘क्लेअर ऑब्सक्यूर : एक्स्पिडिशन ३३’च्या पहिल्या तेहतीस दिवसांत ३३ लाख प्रती विकल्या गेल्या. हे अपवाद आहेत असं कोणी म्हणेल. तर मग १९९६पासून बहुतेक मुख्य भागांत पाळीपाळीनेच लढणारी ‘पोकेमॉन’ कुठे ठेवायची? जगातल्या सर्वाधिक खपाच्या मालिकांत तिची गणना होते. लढाईची पद्धत हे साधन आहे. ते जगाशी आणि कथेशी जुळलं तर लोक स्वीकारतात.

गैरसमज : चाहत्यांच्या ओरड्याने काही बदलत नाही, किंवा बदललंच तर खेळ बिघडतो.

‘ड्रॅगन क्वेस्ट’चा नववा भाग २००६च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा त्यात अ‍ॅक्शनची लढाई दाखवली होती. जपानी चाहते इतके नाराज झाले की निर्माते जुन्या पद्धतीकडे परतले, आणि २००९मध्ये आलेला खेळ प्रचंड खपला. दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१०मध्ये सुरू झाला आणि सपशेल फसला. कंपनीने माफी मागितली, योशिदांकडे सूत्रं दिली, २०१२मध्ये जुना खेळ बंद केला आणि ऑगस्ट २०१३मध्ये तो नव्याने उभारून आणला. आज तो मालिकेचा भक्कम खांब आहे. मात्र २०१२च्या ‘मास इफेक्ट ३’चा शेवट न आवडल्यावर जो गदारोळ झाला, त्यातून मिळाला तो फक्त विस्तारलेला शेवट, मूळ निर्णय तसाच राहिला. तीनही प्रसंग एकत्र पाहिले की फरक कळतो. ‘कुठे अडखळतं’ हे चाहते अचूक सांगतात, कारण ते शेकडो तास खेळलेले असतात. ‘कसं लिहावं’ हे मात्र लेखकालाच ठरवावं लागतं. आणि तक्रारीच्या नावाखाली निर्मात्यांना वैयक्तिक शिवीगाळ करणाऱ्यांनी या दोन्हींपैकी काहीच साधलेलं नाही.

गैरसमज : बरीच वर्षं नवा भाग आला नाही म्हणजे मालिका मेली, निदान रीमेक तरी झटपट काढता येतो.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला ‘स्कायरिम’ नोव्हेंबर २०११चा. त्यानंतरचा सहावा भाग २०१८मध्ये नुसता जाहीर झाला. पण मधल्या काळात मालिकेच्या निर्मात्या बेथेस्डाने ‘फॉलआउट ४’ आणि ‘स्टारफील्ड’ केले, ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१४पासून चालू आहे, आणि ‘स्कायरिम’च्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचं बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांनी २०२३मध्ये सांगितलं. ओपन वर्ल्ड जितकं मोठं आणि तपशीलवार, तितकं चित्रण, आवाज आणि चाचणीचं काम वाढतं. एक मुख्य स्टुडिओ एका वेळी एकच मोठा डोंगर चढू शकतो. रीमेकचंही तेच. ‘फायनल फँटसी ७’चा रीमेक २०१५मध्ये जाहीर झाला, पहिला भाग २०२०मध्ये आणि दुसरा २०२४मध्ये आला. रोल-प्लेइंग नसलं तरी जवळचं उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चं. त्याचा रीमेक २०२०मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंच्या हातून जाहीर झाला, ठरलेल्या तारखेला आला नाही, आणि २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं. जुना खेळ आठवणीत गुळगुळीत असतो. आजच्या यंत्रावर तो पुन्हा घडवणं हे नवा खेळ करण्याइतकंच कष्टाचं काम आहे.

यावर एक रास्त आक्षेप उरतो : सगळंच बदलू शकतं, तर मालिकेचं नाव तरी कशाला ठेवायचं? विक्रीसाठी जुनं नाव वापरलं जातं, हे खरंच आहे. पण कसोटी लावता येते. १९९७चा ‘फॉलआउट’ वरून पाहायचा, पाळीपाळीने लढायचा खेळ होता. २००८च्या तिसऱ्या भागाने नायकाच्या डोळ्यांतून दिसणारं जग आणलं. जुने चाहते चिडले. तरी अणुयुद्धानंतरचं उजाड जग आणि निवडीचे परिणाम भोगायला लावणारी रचना टिकली, म्हणून नाव शोभलं. जिथे खेळाडूची निवडच पोकळ होते, तिथे चित्रं कितीही देखणी असोत, चाहत्यांचा राग न्याय्य ठरतो.

हा प्रश्न आता आपल्या दारातही आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर खेळ २०२०मध्ये जगभर पोहोचला आणि ‘राजी : कलियुग’ हा पुढचा भाग जाहीर झाला आहे. एका खेळाची मालिका होते, तेव्हा तिच्या चाहत्यांच्या वादाचा दर्जाही ठरत असतो. पुढच्या भागाची झलक पाहून ‘हे आमचं नव्हे’ असं म्हणण्याआधी विचारा : काय बदललं, कशासाठी बदललं, आणि आपण जे जीव लावून खेळलो ते त्यात शिल्लक आहे का? याची उत्तरं खेळून, पुराव्यानिशी द्या. निर्मात्यांना तीच टीका उपयोगी पडते.