उताऱ्यावर नसलेला बोजा

जमीन घेण्यापूर्वी शहाणा माणूस उतारा पाहतो, बोजा पाहतो, हद्दीचे दगड पाहतो. पण त्या जागी पूर्वी एखादा कारखाना असेल, तर मातीत काय मुरले आहे हे उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते शोधणे आणि जमीन शुद्ध करण्याचा आराखडा तयार करणे हे पर्यावरण-सल्लागाराचे काम. ते कसे चालते व करवून घेणाऱ्याने कोठे सावध राहावे, हे कोडाईकनालच्या उदाहरणावरून समजते.

तामिळनाडूतील या थंड हवेच्या गावी १९८३ साली थर्मामीटरचा कारखाना निघाला; पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारा लागलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे गेल्याचे उघडकीस आले आणि मार्च २००१ मध्ये तो बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला रवाना झाला. कचरा गेला, पण आवारातल्या मातीतला पारा राहिला. आणि खालच्या उतारावर पांबार शोलाचे जंगल आहे.

अशा जागी सल्लागाराने आधी कुदळ उचलायची नसते. प्रथम जुने दप्तर आणि नकाशे पाहायचे, जुन्या कामगारांना विचारायचे : पारा कोठे हाताळत, भंगार कोठे टाकत, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहे? मग त्या माहितीनुसार ठिकठिकाणी व निरनिराळ्या खोलीवर मातीचे, ओढ्यातील गाळाचे व पाण्याचे नमुने घ्यायचे. त्यानंतरचा प्रश्न धोक्याचा. विष कोठे आहे, कोणत्या वाटेने जाते आणि कोणापर्यंत पोहोचते? पाऱ्याची वाफ श्वासातून शरीरात जाते. ओढ्याच्या गाळात सूक्ष्मजंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात व तो माशांच्या शरीरात साठतो. हे कळल्यावरच उपाय ठरतो : माती धुणे, तापवून पारा वेगळा करणे, किंवा जागच्या जागी बंदिस्त करणे.

खरा वाद पुढे होतो : किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ? कोडाईकनालसाठी नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने अभ्यास केला आणि किलोभर मातीत २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा धरण्यात आली. खालच्या बाजूस जंगल व ओढे असताना ही मर्यादा फार सैल आहे, असा आक्षेप तेथील कार्यकर्त्यांनी घेतला. उलट बाजूचे म्हणणे असे, की मर्यादा जितकी कडक तितकी खोदाई अधिक, झाडे तुटणार आणि उतारावरची माती वाहून जाणार. दोन्ही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. म्हणूनच आकडा बंद खोलीत ठरू नये.

आकड्यांची आणखी एक गंमत पाहा. समजा, दहा नमुने घेतले. नऊ नमुन्यांत प्रत्येकी १ मिलिग्रॅम आणि दहाव्यात १९० मिलिग्रॅम पारा निघाला. सरासरी येते १९.९, म्हणजे मर्यादेच्या आत! अहवाल खोटा नाही. पण त्या दहाव्या जागी खेळणाऱ्या मुलाला सरासरीचा काय उपयोग? म्हणून सल्लागार नेमतानाच करारात लिहून घ्यावे की प्रत्येक नमुन्याची जागा, खोली व आकडा अहवालात द्यावा, आणि नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासावेत. सल्लागाराचे पैसे बहुधा जमीन बिघडवणाराच देतो. ते योग्यही आहे, बिघडवणाऱ्यानेच भरावे. परंतु पैसे देणाऱ्यालाच अहवालाचे शब्द ठरवू देऊ नयेत.

दूषित जागांविषयी केंद्र सरकारचे नियम २०२५ साली निघाले. संशयित जागांची यादी, तज्ज्ञांकडून तपासणी आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्चाची वसुली अशी त्यांत तरतूद आहे. कोडाईकनालच्या ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा समझोता झाला तो २०१६ साली, म्हणजे कारखाना बंद पडल्यावर पंधरा वर्षांनी. नियम कागदावर आले, तरी अहवाल वाचणारे डोळे लागतातच. आपल्या गावाजवळच्या एखाद्या बंद कारखान्याचा असा अहवाल उद्या हाती आला, तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेवटचा निष्कर्ष वाचून थांबू नये. आधी नमुन्यांचा तक्ता उघडावा.