‘न्यू इंग्लिश स्कूल’ आणि अभिजात भाषेचा लौकिक

वऱ्हाडात मूर्तिजापुरासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या पाटीवर ‘न्यू इंग्लिश’ ही अक्षरे दिसली, तर वाचणाऱ्यास त्यात नवल वाटणार नाही. इतके हे नाव महाराष्ट्रात रूढ झाले आहे. ज्या शाळेने या नावास प्रतिष्ठा दिली, त्या पुण्याच्या शाळेच्या लौकिकात मात्र इंग्रजीइतकाच संस्कृतचा वाटा होता.

इ. स. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी ही शाळा काढली. लवकरच वामन शिवराम आपटे व पुढे आगरकर तीत आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज हा या शाळेचाच विस्तार होय. सरकारी व मिशनरी शाळांच्या बरोबरीस उतरावयाचे, तर नव्या खाजगी शाळेस मॅट्रिकचा निकाल हेच एक माप उपलब्ध होते. आणि त्या परीक्षेत संस्कृतात सर्वप्रथम येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे सर्वांस दिसणारे मानचिन्ह होते.

आपट्यांचे महत्त्व येथे आहे. त्यांचे संस्कृत रचनेवरील प्रसिद्ध पुस्तक १८८१ चे, संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. दोन्ही इंग्रजीतून लिहिलेली. इंग्रजी वाक्य घ्यावे, त्यातील कारकसंबंध ओळखावा आणि ते संस्कृतात उतरवावे, ही रीत पाठशाळेची नव्हे. ती युरोपातील लॅटिनच्या वर्गाची. पाठशाळेत सूत्र आधी मुखोद्गत होई व प्रयोग मागून येई. येथे प्रयोगातून नियमाकडे जावयाचे. भांडारकरांच्या १८६४ च्या पहिल्या पुस्तकाने या रीतीचा पाया आधीच घातला होता. ‘अभिजात भाषा’ हे संस्कृतचे शालेय स्थान लॅटिन-ग्रीकच्या नमुन्यावरच ठरले, हे विसरता येत नाही.

त्या नमुन्याचा दुसरा गुणही बरोबर आला. हॉलंडमध्ये १८७६ च्या कायद्याने जुन्या लॅटिन शाळांस ‘जिम्नॅशियम’चे रूप मिळाले, आणि लॅटिन-ग्रीक न शिकलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांस विज्ञान व वैद्यक शाखांच्या विद्यापीठीय परीक्षा खुल्या व्हावयास १९१७ साल उजाडले. अभिजात भाषा ही विद्या होती, तशीच वेसही होती. आपल्याकडे ती वेस जातीची होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिक झाले व शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. त्याच शाळेतून पाच वर्षांपूर्वी भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले होते. अस्पृश्य म्हणून त्यांस संस्कृत शिकविण्याचे नाकारले गेले, व निरुपायाने त्यांनी फारसी घेतली. शिष्यवृत्तीच्या यादीत हा वगळलेला विद्यार्थी कोठेच दिसत नाही. शाळांचे लौकिक अशा याद्यांवरून मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुढे आंबेडकरांनी स्वप्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. शूद्रांच्या उत्पत्तीवरील १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी संस्कृतच्या ज्ञानातील उणीव मोकळेपणे मान्य केली. परंतु तेवढ्यावरून आपला अधिकार जात नाही, कारण संस्कृतातील बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे, असेही बजावले. ज्या इंग्रजीच्या आधाराने आपट्यांनी संस्कृत वर्गात शिकविले, तिच्याच वाटेने ते वर्गाबाहेर ठेवलेल्याच्या हाती आले.