कोकरांचे जंत व गावठी वनौषधी

पावसाळा ओसरू लागला की कळपातील कोकरे रोडावू लागतात. लेंड्यांबरोबर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले म्हणजे मेंढपाळ जंत ओळखतो व पळसपापडी, वावडिंग किंवा शेंद्रीच्या फळावरील तांबडी पूड, म्हणजे कपिला, गुळातून चारतो. हा उपचार निरर्थक नव्हे. पांढरे तुकडे चपट्या जंतांचे असतात आणि कपिल्याने ते पडतात, हा अनुभव जुना आहे.

परंतु डोळ्यांना दिसणारा हा जंत कोकराचा मोठा वैरी नव्हे. खरा घात करणारा हिमोंकस नावाचा गोल जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. तो दोन-तीन सेंटिमीटर लांब व दोऱ्यासारखा बारीक असून लेंड्यांत दिसत नाही. त्याची मादी दिवसास ५,००० ते १०,००० अंडी घालते. ओल व ऊब मिळाल्यास आठवड्याभरात त्यांतून निघालेल्या अळ्या दहिवराबरोबर गवताच्या पात्यावर चढतात. या जंताने हगवण लागतेच असे नाही. त्यामुळे वनौषधीने पांढरे तुकडे पडले की मेंढपाळ निर्धास्त होतो आणि कोकरू मात्र रक्तक्षयाने दगावते.

म्हणून औषधापूर्वी कोकराची खालची पापणी उलटून पाहावी. ती लालसर असल्यास घाई नाही. फिकट वा पांढरी असल्यास, अथवा जबड्याखाली सूज असल्यास, पाल्यामुळ्यांवर एक दिवसही न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. ग्रामसेवकांनी मेंढपाळांस ही खूण प्रत्यक्ष दाखवावी.

वनौषधीची मात्रा मुठीने ठरवणे धोक्याचे आहे. झाडागणिक तिची तीव्रता बदलते. पळसपापडी गाभण मेंढीस देऊ नये. बाभळीच्या शेंगांतील टॅनिनमुळे जंतांची अंडी काहीशी घटतात, पण शेंगा अति झाल्यास पचन मंदावते.

दहिवर वाळल्यावरच चरावयास सोडावे व मोठ्या मेंढ्या न चरलेले रान कोकरांस आधी द्यावे. दवाखान्याचे औषधही वजनाप्रमाणेच पाजावे; अपुऱ्या मात्रेने जंत त्यास दाद देईनासे होतात. औषधापूर्वी पाच-सहा कोकरांच्या ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत तपासणीस न्याव्यात आणि औषधानंतर १० ते १४ दिवसांनी त्याच कोकरांच्या पुन्हा न्याव्यात. अंडी घटली नसतील तर औषध बदलून घ्यावे, मग ते झाडपाल्याचे असो वा बाटलीतले.